अर्धा अल्बम गाळायचा म्हणे!

नमस्कार,

इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश बँडच्या ‘आउट ऑफ द ब्लू’ या अल्बमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “लेखकराव, ७० मिनिटं व्हायोलिनचा मारा! अर्धा अल्बम गाळला असता तरी काही बिघडलं नसतं. कोल्हापुरातून गगनबावड्याला निघालो होतो, बालिंग्याच्या पुलावरच बंद केला. आवाजही सगळीकडे तोच. आणि रेकॉर्डिंग म्युनिकचं आहे, स्वित्झर्लंडचं नव्हे.”

शेवटचं कबूल. बँडचा म्होरक्या जेफ लिन, त्यानं गाणी लिहिली स्वित्झर्लंडच्या डोंगरात, साडेतीनेक आठवड्यांत. रेकॉर्डिंग म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत. माझ्याकडून गल्लत झाली, दुरुस्त केलंय. पण एवढं सांगायला ‘लेखकराव’ कशाला? नावापुढं राव लावला की मान, कामापुढं लावला की टोमणा. हे तुम्हालाही कळतंय, मलाही.

आता ते ‘अर्धा गाळा’. कुठला अर्धा? गाण्यांची नावं घ्या की! १९७७ साली हा अल्बम आला तो दोन एलपींवर, म्हणजे दोन मोठ्या तबकड्यांवर. १७ गाणी, चार बाजू, एकेक बाजू १५ ते १९ मिनिटांची. दर बाजूला उठायचं, सुई उचलायची, चहा प्यायचा. तिसरी बाजू म्हणजे चार गाण्यांचा एक सलग पाऊस. सुरुवातीला खरा पडणारा पाऊस ऐकू येतो, शेवटी लख्ख ऊन. आणि ऊन पडल्यावर यंत्रातून आल्यासारखा एक आवाज विनवतो, मला उलटा. म्हणजे तबकडी उलटा. तुम्ही फोन उलटून बघितलात का?

बालिंग्यापर्यंत फार तर पहिली बाजू होते, साहेब. जो अर्धा तुम्ही गाळायला निघालात, तो तुम्ही ऐकलेलाच नाही.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला शाहूपुरीत, मामांकडं, नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. दोन्ही बाजूंना शेवटी दहा-दहा मिनिटं उरली होती, तिथं मामांनी नाट्यगीतं भरलेली. एप्रिलातली दुपार होती. कॅसेटमधला पाऊस सुरू झाला आणि मामी गच्चीवरचे पापड गोळा करायला जिना चढून पळाल्या. खाली आल्यावर मामांना जे ऐकायला लागलं ते इथं लिहिता येणार नाही. तो पाऊस गाळायचा म्हणता? आपल्या गाण्याच्या देवल क्लबात तासभराचा ख्याल मांडी न मोडता ऐकलेला माणूस आहे मी. लांबीचं भय मला घालू नका.

व्हायोलिनचं म्हणाल तर बँडमध्ये व्हायोलिनवाला एकच होता, चेलोवाले दोन. बाकीचा ऑर्केस्ट्रा वेगळा, त्याची बांधणी लुई क्लार्क बघायचा. आवाजाबद्दल काय बोलणार? आवड आपली आपली.

प्लेअरला नवी सुई बसवलीय. रविवारी सकाळी या, तिसरी बाजू लावतो. चहा मिळेल. फोन मात्र बाहेर चपलांजवळ ठेवायचा.