श्निट्झेल आणि नूडल्स

गेल्या मे महिन्यात मावशी म्युनिकला आली तेव्हा तिच्या यादीत पहिलं नाव साल्झबुर्गचं होतं, आणि ते मोझार्टसाठी नव्हे. कॉलेजात असताना पुण्याच्या कॅम्पात तिने 'साउंड ऑफ म्युझिक', म्हणजे साल्झबुर्गच्या गाणाऱ्या ट्रॅप कुटुंबावरचा अमेरिकन सिनेमा, तीनदा पाहिला होता, त्यातला एकदा प्रॅक्टिकल बुडवून. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी मिराबेल बागेतल्या त्या पायऱ्या ती एकेक करत चढली, वर जाऊन दम खाल्ला आणि 'डो'पासून 'टी'पर्यंत सगळे सूर म्हणून दाखवले. शेजारच्या कोरियन मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाकावर बसून पाव खाणाऱ्या एका आजोबांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

ऑस्ट्रियात हा सिनेमा फारसा कुणी पाहिलेला नसतो. माझ्या ऑफिसातली एक बाई अस्सल साल्झबुर्गची. तिने तो पहिल्यांदा पाहिला अमेरिकेत शिकायला गेल्यावर, मैत्रिणींच्या आग्रहाखातर. तिची तक्रार एकच होती. आवडत्या गोष्टींच्या त्या गाण्यात श्निट्झेलबरोबर, म्हणजे मांसाच्या तळलेल्या पातळ कापाबरोबर, नूडल्स येतात. "श्निट्झेलबरोबर बटाटा असतो. नूडल्स कुणी खाल्ले?" मिसळीबरोबर पुरी वाढल्यावर कोल्हापूरकराचा चेहरा होईल तसा तिचा झाला होता.

चुका काढायला बसलं तर नूडल्स ही त्यातली सगळ्यात किरकोळ. खरी मारिया ट्रॅप कुटुंबात आली ती एका आजारातून उठलेल्या मुलीला शिकवायला, सात मुलांची गव्हर्नेस म्हणून नव्हे. मुलांच्या वडिलांशी, कॅप्टन ट्रॅपशी, तिचं लग्न झालं १९२७ साली. सिनेमात मधुचंद्राहून परततात तोच नाझी दारात. प्रत्यक्षात नाझींनी ऑस्ट्रिया घेतला तो १९३८ मध्ये; तोवर अकरा वर्षं गेली आणि आणखी दोन मुली झाल्या. थोरला मुलगा रूपर्ट तोवर डॉक्टर झाला होता. पडद्यावर त्याच्या जागी प्रेमात पडलेली सोळा वर्षांची लीझल आहे. शिट्टी वाजवून मुलांना रांगेत उभा करणारा करडा बाप मुलांना मुळीच पटला नाही. वडील प्रेमळ होते, भडकायची ती मारियाच, असं मुलं सांगत. घरात गाणंही तिच्या आधीपासून होतं. आणि 'एडलवाइस' हे ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत वगैरे काही नाही, ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी लिहिलेलं गाणं आहे.

शेवट तर भूगोलाचीच फजिती आहे. साल्झबुर्गहून डोंगर चढून स्वित्झर्लंडला पायी जायचं म्हणजे आधी अख्खा टिरोल प्रांत ओलांडावा लागेल. शहराशेजारचा उंटर्सबेर्ग डोंगर चढून पलीकडे उतरलं तर माणूस जर्मनीत पोचतो, आणि तेही ओबरझाल्त्सबेर्गच्या बाजूला, म्हणजे हिटलरच्या बंगल्याच्या शेजारात. सुरुवातीला मारिया हात पसरून गिरकी घेते ती टेकडीसुद्धा सीमेच्या ह्या बाजूला, बव्हेरियात आहे.

हे सगळं मला ठाऊक आहे आणि तरी दर नाताळात मी तो सिनेमा लावते. कॅप्टन मुलांचं गाणं ऐकून दारात थबकतो, आणि मग स्वतःच गाऊ लागतो, तिथे माझे डोळे भरतात. १९२७ की १९३८, ह्याने त्या थबकण्यात काडीचा फरक पडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'च्या ट्रेलरवरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण पेटलं होतं. संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दाखवले होते. प्रदर्शनाआधीच ते दृश्य काढलं गेलं, तरी ग्रुपवर भांडण आठवडाभर चाललं. त्यात एका मामेभावाने लिहिलं, "तुमच्याकडे बरंय ताई, कुणी कशाला हरकत घेत नाही." हे वाक्य परदेशात राहणाऱ्याला फार सुखावतं. मीही आधी मान डोलावली. इथली माणसं कशी शांत, कशी मोठ्या मनाची, वगैरे.

पण हरकत इथेही घेतली गेली होती. १९६४ साली 'साउंड ऑफ म्युझिक'चं चित्रीकरण चालू असताना साल्झबुर्गच्या रेसिडेन्झ चौकात नाझी झेंडे लावायला शहरातल्या अधिकाऱ्यांनी आधी नकार दिला. साल्झबुर्गचे लोक काही नाझी नव्हते, मग झेंडे कशाला, असं म्हणणं. मग सिनेमावाले म्हणाले, ठीक आहे, आम्ही त्या काळच्या बातमीपटातली खरी दृश्यं वापरतो. त्यावर परवानगी लगेच मिळाली, असं सांगतात. कारण उघड आहे. त्या खऱ्या दृश्यांत रस्त्याच्या दुतर्फा हात उंचावून ओरडणारी गर्दी होती. ह्याच चौकात एप्रिल १९३८ मध्ये पुस्तकांची होळी झाली होती. सिनेमातला चौक मात्र जवळजवळ रिकामा आहे. फक्त सैनिक चालत जातात. 'आम्ही हिटलरचे पहिले बळी' ही समजूत ऑस्ट्रियाने पुढेही जपली. आपलेही हात बरबटले होते हे चॅन्सेलर व्रानित्झ्कींनी संसदेत म्हणायला १९९१ उजाडलं.

म्हणजे लग्नाची तारीख, मुलांची संख्या, डोंगर, गाणी, सगळं खोटं चाललं. अडलं ते नेमकं खऱ्यापाशी.

हे कळल्यावर मी मामेभावाला उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. लेझमीवरून जे तापले होते त्यांच्यात सनावळी तपासणारं कुणी नव्हतं. 'राजे नाचतील का?' एवढाच प्रश्न होता. पण २०१५ मध्ये काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालताना पाहून म्युनिकच्या थिएटरात पाय आपटणारी मीच होते. काशीबाईंच्या पायाला दुखणं होतं, त्या नाचतील कशा, हे मी जर्मन नवऱ्याला मध्यंतर नसलेल्या त्या सिनेमात कुजबुजत समजावत होते. तो म्हणाला, "पण रंग काय सुंदर आहेत!" त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. ट्रॅप कुटुंब माझं कुणी लागत नाही म्हणून मला त्यांचं खोटं गोड लागतं; पेशवे आले की माझ्याही आत एक इतिहास संशोधक मंडळ जागं होतं. त्याला झोपवायची माझी तयारी अजून नाही. रंग सुंदर होते, एवढं मात्र आता मान्य करते.

साल्झबुर्गहून परतताना गाडीत मावशीला मी सगळं सांगितलं. मारियाने स्वतः ह्या सिनेमात क्षणभर काम केलंय, मागून चालत जाणाऱ्या बायकांत ती आहे, हे ऐकून मावशी खूश झाली. पुढचं ती डबा उघडून, गुळपोळी मोडत, ऐकत होती.

"मग ते पळाले कसे?"

"पळाले नाहीत. दिवसाढवळ्या आगगाडीत बसून इटलीला गेले. कॅप्टनचं जन्मगाव पुढे इटलीत गेलं होतं, त्यामुळे तिथलं नागरिकत्व होतं."

मावशीने बराच वेळ खिडकीबाहेरच्या डोंगरांकडे पाहिलं.

"आगगाडीत?" ती म्हणाली. "मग शेवटचं डोंगराचं गाणं म्हणणार कुठे?"