'पोट भरलेल्यांचे चोचले' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक मार्केटिंगवाला' यांस,

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर रागाच्या भरात लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून थांबले. आज सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की बातम्या, नोकरकपात, घरची दुखणी अशा सगळ्या गदारोळात क्रिएटिव्ह ब्रीफ, म्हणजे जाहिरात कुणासाठी आणि तिच्यात काय सांगायचं हे जाहिरात एजन्सीला कळवणारा कागद, लिहायला बसाल तेव्हा फोन थोडा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्याला ती वस्तू घ्यायची आहे अशा एका तरी माणसाशी बोला. आणि सांगायची गोष्ट एका वाक्यात बसेपर्यंत ब्रीफ पुढे पाठवू नका. त्यावर या गृहस्थांनी लिहिलं : 'मॅडम, जरा जमिनीवर या. आमच्याकडे माणसं निम्मी झालीत. सकाळी साहेबांचा मेसेज येतो आणि संध्याकाळपर्यंत एजन्सीकडे काहीतरी पाठवावंच लागतं. अशा काळात शांत चित्ताने ब्रीफ लिहिणं हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत.' शिवाय लेखात इंग्रजी शब्द फार आहेत, उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि हल्ली ब्रीफ एआय लिहून देतं, असे तीन मुद्दे.

इंग्रजी शब्दांचं मान्य. 'टार्गेट ऑडियन्स' न लिहिता 'गिऱ्हाईक' लिहिलं असतं तरी भागलं असतं.

आता 'जमिनीवर या' आणि 'पोट भरलेल्यांचे चोचले'. तुम्ही मला ओळखत नाही. मी कुठून आले, काय खाऊन वाढले, याची तुम्हाला काही माहिती नाही. तरीही ही दोन विशेषणं तुम्ही सहज लावलीत. लेखात चूक काढायची होती तर लेखातली काढायची होती. एखाद्या बाईने कामाबद्दल ठामपणे काही लिहिलं की तिला जमिनीवर यायला सांगायचं, ही सवय मी या धंद्यात फार पाहिली आहे आणि आता ऐकून घेत नाही.

माझे वडील अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. हँडबिल छापून घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी बाकावर बसवायचे आणि विचारायचे : हे कुठे वाटणार? कोण वाचणार? वाचून त्याने काय करायचं? गिऱ्हाईक कावायचं, मालकही कावायचा, कारण बाहेर माणसं खोळंबलेली असायची. पण मजकूर चुकला तर जुळवलेलं सगळं सोडवून पुन्हा जुळवायला जे तास लागायचे ते वडिलांच्या अंगावर पडायचे. मालक तोवर घरी गेलेला असायचा. माझ्या वडिलांच्या घरात पोट भरलेलं नेहमीच असायचं असं नाही. प्रश्न विचारणं त्यांना परवडत होतं म्हणून ते विचारत नव्हते. न विचारणं त्यांना परवडणारं नव्हतं. मी ब्रीफ लिहायला एजन्सीत शिकले असं लोकांना वाटतं. मी तो त्या बाकाशेजारी उभी राहून शिकले.

दुसरं, 'अशा काळात'. कठीण काळ फक्त तुमच्याच ऑफिसात आला आहे का?

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण आपल्या पुण्यात सापडले आणि महिना संपायच्या आत देश बंद झाला. आम्ही धायरीत दोन खोल्यांत होतो. सासूबाईंना दम्याचा त्रास, मुलाची शाळा मोबाइलवर आणि त्याच मोबाइलवर क्लायंटचे मेसेज. तेव्हा एका मसाला कंपनीचा ब्रीफ आला, व्हॉट्सॲपवर : 'इम्युनिटी अँगल हवा. हळद आहेच आपल्यात. आजच्या आज क्रिएटिव्ह द्या.' आठवत असेल तुम्हाला, त्या दिवसांत काढ्यापासून गादीपर्यंत जो तो कोरोनावर उतारा विकत होता. १ एप्रिलला आयुष मंत्रालयाला आदेश काढावा लागला की आयुर्वेद वगैरे उपचारांनी कोरोना बरा होतो असले दावे जाहिरातीत करायचे नाहीत. एवढं होऊनही 'इम्युनिटी'ची हाव कुणाची सुटली नव्हती.

मी फोन पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि कागद घेऊन बसले. मग गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंना विचारलं, सध्या स्वयंपाकाचं कसं चाललंय. त्या म्हणाल्या, 'अगं तिन्ही त्रिकाळ ओट्याशी उभी आहे. मिळतात त्याच दोन भाज्या, आणि पोरं ताटात बघून तोंड वाकडं करतात.' इम्युनिटीचा त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी ब्रीफमध्ये लिहिलं. कुणासाठी : तीन वेळा रांधून कंटाळलेली बाई. काय सांगायचं : घरात आहे त्याच भाजीची चव उद्या वेगळी लागू शकते. काय सांगायचं नाही : आरोग्याबद्दल एक अक्षरही. क्लायंट भडकला, काही दिवस बोलला नाही, आणि शेवटी त्याच ब्रीफवर काम झालं.

तो मेसेज मी तसाच पुढे ढकलला असता तर घाबरलेल्या लोकांना आम्ही एक खोटी गोष्ट विकली असती, आणि ती लिहिणाऱ्या पोराला आपण खोटं लिहितोय हे कळायलाही सवड मिळाली नसती. काळ वाईट असतो तेव्हा ब्रीफमध्ये सगळ्यांची भीती उतरते. साहेबांची, तुमची, विक्री खात्याची. ती कागदावरून काढणारं कुणीतरी लागतं. ते काम डोकं भणभणत असताना होत नाही, म्हणून आधी डोकं ठिकाणावर आणायचं. माझ्या लेखात एवढंच होतं, आणि तुम्हाला त्यात चोचले दिसले.

आणि तुमच्या त्या 'काहीतरी'चं पुढे काय होतं, ते सांगते. काही काळापूर्वी एका सहकारी बँकेचा ब्रीफ माझ्यासमोर आला. त्यात होतं : तरुणांना आपली वाटली पाहिजे, ज्येष्ठ ठेवीदार दुखावता कामा नयेत, मॉडर्न पण परंपरा जपणारी, भावनिक, हलकीफुलकी आणि व्हायरल होईल अशी फिल्म. कर्वेनगरात कॉट-बेसिसवर राहणारी एक कॉपीरायटर मुलगी त्यावर रात्र-रात्र बसली. प्रत्येक स्क्रिप्टला उत्तर एकच : 'मजा नाही आली.' तिने काय बदलायचं होतं? ब्रीफमध्ये बदलण्यासारखं काही ठरलेलंच नव्हतं. बँकेतल्या एका शाखाधिकाऱ्याशी चहा पिताना कळलं की ठेवीदारांची मुलं खातं उघडत नाहीत, कारण त्यांना वाटतं इथे साध्या कामालाही काउंटरला रांग लावावी लागते. बँकेचं ॲप चालू होऊन बराच काळ झाला होता. म्हणजे सांगायचं होतं ते एवढंच : 'आईबाबांच्या बँकेतही आता रांग नाही.' एवढं आधी कुणी ठरवलं असतं तर त्या मुलीच्या रात्री वाचल्या असत्या. तुमची संध्याकाळ मोकळी होते, साहेब, ती तिची रात्र घेऊन. पोट भरलेलं कुणाचं, याचा विचार तुम्हीच करा.

तुम्ही क्लायंटच्या बाजूचे आहात म्हणून एक आकडाही देते. २०२१ मध्ये बेटरब्रीफ्स प्रोजेक्ट या नावाने जगभरातल्या मार्केटिंगवाल्यांची आणि एजन्सीवाल्यांची पाहणी झाली. आपण ब्रीफ चांगला लिहितो असं मार्केटिंगमधल्या ८० टक्के लोकांना वाटत होतं. एजन्सीतल्या १० टक्के लोकांनाच ते पटत होतं.

अमेरिकेच्या उदाहरणाबद्दल फार बोलत नाही. १९९३ ची कॅलिफोर्नियातली ती दुधाच्या जाहिरातीची मोहीम मी मागच्या लेखात घेतली, कारण तिच्या प्लॅनर मंडळींनी, म्हणजे जाहिरातीआधी गिऱ्हाईक समजून घेणाऱ्यांनी, लोकांना आठवडाभर दुधावाचून राहायला सांगितलं आणि मग त्यांचं ऐकलं. दूध संपतं तेव्हाच त्याची आठवण होते, ही गोष्ट त्यातून हाती लागली. सकाळी दारात चितळेंची किंवा कात्रजची पिशवी आली नाही तर पुण्यातल्या घरातही हेच होतं.

एआयला माझा विरोध नाही, लेखातही नव्हता. साहेबांचा मेसेज त्यात टाकलात तर ब्रीफचे सगळे रकाने भरून मिळतील. साहेबांना नक्की काय हवं आहे ते मात्र साहेबांनाच विचारावं लागेल, आणि ते विचारायला तुम्ही कचरता, असं तुमच्या प्रतिक्रियेवरून मला दिसतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा 'जमिनीवर या' छापाचं काही आलं तर मात्र मंजूर करणार नाही, आणि यापुढे लिहायचं तर स्वतःच्या नावाने लिहा. साहेबांचा तो सकाळचा मेसेज, कंपनीचं नाव गाळून, जसाच्या तसा इथे टाका. त्यातून ब्रीफ कसा काढायचा ते पुढच्या लेखात मी ओळीओळीने दाखवते.