आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा पुढच्या फुटाला पाणी कुठल्या चौकात शिरणार हे आमच्या गल्लीतल्या बायकासुद्धा अचूक सांगत होत्या. 1929 सालच्या त्या पुलावरचा आकडा कुणीही जाऊन बघू शकतो, म्हणून त्यावर कुणी वाद घालत नाही.

मी वीस वर्षं पुलांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर क्वालिटी कंट्रोल बघतोय. एवढ्या मोठ्या कामांवर असा उघड्यावरचा आकडा नसतो. माझ्या मते विश्वासाचं सगळं गाडं तिथंच अडतं.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. कृष्णाकाठी एका पुलाचं काम चाललं होतं. एप्रिलचं ऊन. पियर कॅपला, म्हणजे पुलाच्या खांबाच्या माथ्याला, एम-35 काँक्रीट (28 दिवसांत 35 ची ताकद यायला हवी असं) पडलं. त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, सात दिवसांनी मशीनमध्ये फोडले तर ताकदीचा आकडा आला 16. यायला हवा होता 23 च्या आसपास. मशीनचा काटा मागं फिरलेला बघून माझ्या हाताला घाम सुटला. लॅबमधल्या सीनियरनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दुसऱ्या पोअरचे क्यूब आहेत की टाकीत, ते लाव." म्हणजे दुसऱ्या वेळी ओतलेल्या चांगल्या काँक्रीटचे ठोकळे याच्या नावावर फोडायचे. असं सर्रास चालायचं. आधीच्या प्रोजेक्ट मॅनेजरांसमोर कमी आकडा घेऊन जायची कुणाची छाती नव्हती. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच उत्तर, "होतंय साहेब."

नवे साहेब येऊन तेव्हा महिनाच झाला होता. मी खरा आकडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. धाडस वगैरे काही नव्हतं, खोटं लिहायची भीती जास्त वाटली. ते ओरडले नाहीत. साइट ऑफिसच्या बाहेर हजेरीचा फळा होता, त्यावर त्यांनी खडूनं लिहिलं: पियर कॅप, सात दिवस, 16. मग मिक्सरच्या ड्रायव्हरला बोलावलं. "मामा, आधी चहा घ्या." मामांनी अर्धा कप प्यायला आणि मान खाली घालून सांगितलं, "गाडी दोन तास रस्त्यात अडकली, माल घट्ट झाला. गेल्या बारीला गाडी परत धाडली तर माझ्या पगारातनं कापलं हुतं. म्हणून पाणी मारलं." वरून पाणी घातलं की काँक्रीटची ताकद कमी होते.

साहेबांनी त्याच संध्याकाळी खात्याला स्वतःच्या सहीनं पत्र दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकारी अभियंता स्वतः साइटवर हजर. 28 दिवसांचे क्यूब नापास झाले, बसलेल्या काँक्रीटमधूनच गोल नमुने, म्हणजे कोअर, काढले तेही नापास. पियर कॅप कंपनीच्या खर्चानं तोडून पुन्हा केला. मामांचे पैसे मात्र परत कापले नाहीत. त्यानंतर त्या कामावर एकही गाडी चोरून पाणी मारून आली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणि खात्याचे लोक आमच्या प्रत्येक बिलावर आधी जेवढ्या शंका काढायचे, तेवढ्या काढेनासे झाले.

म्हणून "जबाबदारी निश्चित करू" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ते नेहमी काम पडल्यावर येतं आणि कनिष्ठ अभियंत्यावर जाऊन थांबतं. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला देणारी टेंभूसारखी योजना नव्वदच्या दशकात सुरू झाली, तिच्यावर किती अधिकारी आले, किती बदलून गेले. दर नव्या साहेबाला म्हणता येतं, "हे माझ्या आधीचं." बदली होताना चार्ज देतात, त्या कागदांत अडचणींची यादी, तारीख आणि सही सक्तीची का नाही? येणाऱ्यानं पंधरा दिवसांत ती तपासून खाली आपली सही करायची. एवढं जरी झालं तरी खूप होईल.

अडचण उघड मांडून ती निस्तरणं आपल्याकडे कधी झालंच नाही असंही नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरण टिकलं, पण उतार जिथं बदलतो तिथं आडव्या भेगा पडल्या. त्या भेगा मोजल्या गेल्या, धरणाला मागून काँक्रीटचा आधार दिला गेला, आणि जगभरचे इंजिनिअर अजून कोयनेचा अभ्यास करतात. धरणावर आपला विश्वास आहे तो यामुळे. त्याच धरणासाठी घरदार सोडलेल्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न मात्र साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत. त्यांना दिलेल्या शब्दांचा हिशोब कुठल्या फळ्यावर लागला? तिथं लोक आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता माझ्याकडे एका साइटची क्वालिटी आहे. गेटजवळ फळा लावलाय, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येईल असा. पहिले दोन महिने सगळे माझ्याकडे रागानं बघायचे. मंगळवारी फोरमननं न सांगता स्वतःच खडू उचलला आणि लिहिलं, "स्लॅब, एम-35, सात दिवस, 21." कमी आहे. 28 दिवसांचा आकडा 14 तारखेला येईल, तोही तिथंच लिहू.