यातला खरा पांढरा कुठला?

कपाटाला सनमायका कुठला लावायचा ते ठरवा म्हणून मिस्त्री सँपलच्या फाइली घरी ठेवून गेलेत, त्या इतक्या जड आहेत की एक उचलायची तर आधी कमरेची परवानगी काढावी लागते. मला वाटलं साधा पांढरा सांगू आणि मोकळे होऊ. पण पांढऱ्याचीच पानंच्या पानं! बर्फासारखा, दुधासारखा, मोत्यासारखा, आणि एक चक्क मळलेला पण त्याचं नाव सगळ्यात भारी. ट्यूबलाइटखाली जो पसंत पडला तो खिडकीशी नेला तर पिवळट दिसायला लागला. मी बायकोला म्हटलं अगं हे दोन्ही सेमच आहेत, तिने शांतपणे उलटे करून मागचे नंबर दाखवले. वेगवेगळे होते. विषय संपला.

मग लाकडी डिझाइनकडे वळलो. सागवान, अक्रोड, ओक, सगळं जंगल आहे फाइलीत पण लाकूड औषधालाही नाही, सगळा कागदच. खऱ्या लाकडाचं रेषा-रेषा असलेलं चित्र छपाईच्या सिलिंडरवर, म्हणजे रुळावर कोरतात, तो फिरवून कागद छापतात, मग तो कागद मेलामाइन रेझिनमध्ये, म्हणजे तापवला की कडक होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून वाळवायचा, त्याच्याखाली फिनॉलिक रेझिन प्यायलेले तपकिरी क्राफ्ट पेपरचे थर आणि हे सगळं गरम प्रेसमध्ये घालून असं दाबायचं की परत सुटं होणार नाही. एवढा खटाटोप करून हाती येतो जेमतेम 1 मिलिमीटर जाडीचा पत्रा. 1912 च्या सुमारास ओकॉनर आणि फेबर या दोन अमेरिकन इंजिनियरांनी असलाच माल शोधला होता तो विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला, त्यावरून पुढे घराघरांत अबोले होतील हे बिचाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. सँपल तळहाताएवढं, शीट 8 बाय 4 फूट. सिलिंडरचा एक फेरा झाला की तेच चित्र पुन्हा छापलं जातं, म्हणजे लाकडात एक गाठ असेल तर ठराविक अंतरावर तीच गाठ परत, पुढे परत तीच, आणि सँपलच्या तुकड्यात ती नेमकी नसते!! एका मित्राच्या कपाटावर अशी गाठ आहे, वरपासून खालपर्यंत डोळे वटारून बघत असते. एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसतच नाही, त्यांच्याकडे जेवायला गेलो की मी तिच्याकडे पाठ करून बसतो.

तर आम्ही बिनगाठीचा, बिनरेषांचा, अंगाने जरा खरखरीत असा राखाडी ठरवला. सासूबाईंनी नखाने ओरखडून पास केला, मुलाने 'बोअरिंग' म्हणून पास केला. मी विजयी मुद्रेने नंबर कळवला.

मिस्त्री म्हणाले, "छान साहेब, बाहेरचा झाला. आता आतला कुठला? आणि कडेच्या पट्टीचं पुस्तक वेगळं असतं हां, ते उद्या आणतो."