प्रॉस्पेरोला जाळू नका

परवा कट्ट्यावर अवकाशातल्या कचऱ्याचा विषय निघाला आणि पिंट्याने थेट नाव घेतलं. "प्रॉस्पेरो. ब्रिटनचा १९७१चा उपग्रह. कधीचा बंद पडलाय आणि अजून फिरतोच आहे. स्कायरोरा नावाची स्कॉटलंडची कंपनी म्हणते, आम्ही त्याला कक्षेतून काढतो. काढावाच. ६६ किलोचं भंगार वर कशाला ठेवायचं?"

"भंगार म्हणण्याआधी तो वर कसा गेला ते ऐक," मास्तर म्हणाले. मास्तरांनी जन्मभर फिजिक्स शिकवलंय, त्यामुळे ते बोलायला लागले की चहावाल्याचाही हात थांबतो.

२९ जुलै १९७१. ब्रिटिश संसदेत मंत्री फ्रेडरिक कॉरफील्ड उठले आणि ब्लॅक अॅरो रॉकेटचा कार्यक्रम बंद होत असल्याचं जाहीर केलं. तोवर पुढचं रॉकेट ऑस्ट्रेलियातल्या वूमेराला रवानासुद्धा झालं होतं. एवढं एक उडवा आणि मग आवरा, अशी परवानगी मिळाली. आपली नोकरी जाणार हे माहीत असलेल्या माणसांनी तीन महिने तयारी केली आणि २८ ऑक्टोबरला ते रॉकेट उडवलं. प्रॉस्पेरो कक्षेत गेला. स्वतःच्या रॉकेटने ब्रिटनने वर पाठवलेला हा पहिला उपग्रह, आणि त्या कार्यक्रमाचा शेवटचाही.

मला या गोष्टीतलं ते रॉकेट फार आवडतं. उंची जेमतेम १३ मीटर, टोक लालभडक. इंधन केरोसिन आणि त्याच्या जोडीला तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडची वाफ होत असल्यामुळे ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही, नुसती हवा थरथरल्यासारखी वाटते. इंजिनांच्या चाचण्या व्हायच्या आइल ऑफ वाइट बेटावर, समुद्राला लागून असलेल्या कड्यावर. आणि उपग्रह वर गेल्यावर एक अपघात झाला, तो तर विसरता येत नाही. शेवटचा टप्पा उपग्रहापासून सुटला, पण त्यातलं इंधन पुरतं विझलं नव्हतं. तो मागून आला आणि प्रॉस्पेरोवर आपटला. चारपैकी एक अँटेना त्यात दुखावली. तरी उपग्रह बोलत राहिला.

"मास्तर, हे सगळं ठीक आहे," सीए म्हणाला, "पण बंद करण्याचा निर्णय चूक नव्हता. नासाचं स्काउट रॉकेट स्वस्तात मिळत होतं. ब्रिटनला पाठवायचे होते वर्षाला एखाद-दुसरा उपग्रह. तेवढ्यासाठी आख्खा कारखाना कोण पोसेल? प्रॉस्पेरोच्या मालिकेतला पुढचा उपग्रह मिरांडा १९७४मध्ये स्काउटवरच गेला ना? मग नुकसान काय झालं?"

"ब्लॅक अॅरोची चार उड्डाणं झाली, सीए," मास्तर म्हणाले. "पहिलं १९६९मध्ये फसलं, दुसरं जमलं, तिसऱ्यात वरच्या टप्प्याचा दाब गळाला, चौथं कक्षेत पोचलं. जमायला लागलं आणि सोडून दिलं. आपलं एसएलव्ही-३ रॉकेट ऑगस्ट १९७९मध्ये बंगालच्या उपसागरात कोसळलं, तेव्हा आपण असाच हिशेब केला असता तर? पुढच्या जुलैत त्याच रॉकेटवर आपला रोहिणी उपग्रह वर गेलाच नसता."

"आणि वनवेब?" पिंट्या मध्येच बोलला. "उपग्रहांवरून इंटरनेट देणारी कंपनी. मुख्यालय लंडनला, ब्रिटिश सरकारचा हिस्सा, भारतीचाही. आणि उपग्रह गेले कुठून? श्रीहरिकोट्याहून. ऑक्टोबर २०२२मध्ये ३६, मार्च २०२३मध्ये ३६."

"हे तर माझ्याच बाजूचं झालं," सीए म्हणाला. "रॉकेट विकत घेतलं, काम झालं."

मुद्दा बिनतोड वाटत होता, पण त्यात मधलं एक पान गळलं होतं, ते मी सांगितलं. वनवेबचे ते उपग्रह आधी रशियन रॉकेटवर जायचे होते. मार्च २०२२मध्ये ३६ उपग्रह कझाकस्तानातल्या बायकोनूर या रशियन प्रक्षेपणतळावर पोचले, रॉकेट तळावर आलं, आणि युक्रेन युद्धाच्या गदारोळात रशियाने अट घातली की ब्रिटिश सरकारने आपला हिस्सा विकावा. उड्डाण रद्द झालं आणि उपग्रह तिकडेच अडकले. वनवेबला मग इस्रोकडे आणि अमेरिकेकडे वळावं लागलं. विकत घेणं म्हणजे विकणाऱ्याची मर्जी सांभाळणं, आणि १९७१च्या हिशेबात त्या मर्जीला किंमतच धरलेली नव्हती. स्वतः उपग्रह कक्षेत पोचवून मग ती विद्या सोडून देणारा ब्रिटन हा एकच देश. सीएने मान हलवली, मान्य मात्र केलं नाही.

पिंट्या मूळ मुद्द्यावर आला. "इतिहास मोठा असेल, पण वस्तू धोकादायकच. २००९मध्ये रशियाचा मेलेला कॉसमॉस २२५१ हा उपग्रह चालू असलेल्या इरिडियम या अमेरिकी दूरसंचार उपग्रहावर आदळला. हजारो तुकडे झाले."

धोका खरा आहे, त्यावर वाद नाही. पण कचरा काढायचा तर मोठ्यापासून काढा. युरोपचाच एन्व्हिसॅट उपग्रह घ्या. ८ टनांचा, एप्रिल २०१२पासून मुका, सुमारे पावणेआठशे किलोमीटरवर, म्हणजे नेमक्या गर्दीच्या पट्ट्यात. त्याच्यापुढे ६६ किलोच्या प्रॉस्पेरोचा नंबर कितीतरी मागे लागतो. शिवाय १९६७च्या अवकाश करारानुसार बंद पडला तरी मालकी ज्याची त्याचीच राहते, त्यामुळे ब्रिटिश सरकारने हो म्हटल्याशिवाय कुणी त्याला हात लावू शकत नाही.

आणि बंद तरी तो किती सावकाश पडला! १९७३मध्ये टेपरेकॉर्डर गेले, तरीही १९९६पर्यंत दरवर्षी त्याच्याशी संपर्क साधला जायचा. त्यानंतरही १३७.५६ मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज ऐकू आलाय. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अवकाश प्रयोगशाळेतल्या लोकांनी चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने त्याला पुन्हा जागं करायचा घाट घातला, तेव्हा त्याला आदेश द्यायचे जुने कोड शोधण्यापासून सुरुवात करावी लागली.

मास्तरांनी मग जे सांगितलं त्याने माझं मत पक्कं झालं. प्रॉस्पेरोवर प्रयोग कसले होते? नव्या प्रकारचे सौरघट, उष्णता सांभाळणारे लेप आणि सूक्ष्म उल्का मोजणारं बर्मिंगहॅम विद्यापीठाचं उपकरण. म्हणजे अवकाशात वस्तू कशा झिजतात हेच तर पाहायचं होतं. नासाने अशाच अभ्यासासाठी एलडीईएफ नावाचा सांगाडा पावणेसहा वर्षं वर ठेवला आणि जानेवारी १९९०मध्ये स्पेस शटल यानातून अखंड खाली आणला. त्या पृष्ठभागांवरून पुढे किती संशोधन झालं! प्रॉस्पेरोचे लेप अर्धशतकाहून जास्त काळ ऊन, अणुरूप ऑक्सिजन आणि धुळीचा मारा खात आहेत. तो प्रयोग अजून चालूच आहे, फक्त निकाल वाचायला वस्तू हातात हवी. वातावरणात ढकलून जाळली तर तो निकालच जळून जाईल.

"अखंड आणायला शटल कुठंय आता?" सीएने विचारलं. "आणि कक्षेचा कल ८२ अंश, म्हणजे जवळजवळ ध्रुवांवरून जाणारी कक्षा. खर्च काढ."

खर्च मोठा आहे आणि आज तसं यान नाही, हे दोन्ही मला मान्य. पण घाई कसली? त्याच्या कक्षेचं जवळचं टोक पाचशे किलोमीटरच्या वर आहे, लांबचं हजाराच्या पुढे. आपणहून खाली यायला त्याला २०७०च्या आसपासपर्यंत वेळ लागेल असा अंदाज आहे. शिवाय हीच स्कायरोरा २०१९मध्ये त्याच रॉकेटचा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पडलेला पहिला टप्पा स्कॉटलंडला घेऊन आली. ज्यांना त्या पत्र्याची एवढी किंमत कळली, त्यांनी उपग्रहालाही तोच न्याय लावावा. तोवर जाळी नि यंत्रहात एन्व्हिसॅटसाठी तयार करा आणि प्रॉस्पेरोवर नुसती नजर ठेवा.

पिंट्या यावर राजी झाला. सीए अजून नाही. त्याला आधी आकडे हवेत, आणि ते काढायचं काम पिंट्याने अंगावर घेतलंय.