स्कॅन केलं म्हणजे जपलं असं होत नाही

गेले दोन-तीन महिने गोव्यातल्या मराठी वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघे निवृत्त प्राध्यापक आहेत, म्हणजे वाचल्याशिवाय काहीही पुढे ढकलणाऱ्यांतले नव्हेत. मेसेजचा मथितार्थ असा: ग्रंथालयांतली जुनी संशोधनपर नियतकालिकं, चर्चासत्रांचे अंक, स्मरणिका, प्रबंध हे सगळं स्कॅन करून नेटवर टाकावं आणि कागद रद्दीत द्यावा. एकदा नेटवर गेलेलं कधीच नाहीसं होत नाही. पीडीएफला वाळवी लागत नाही. चूक सापडली तर लगेच दुरुस्तही करता येते. मोठे परदेशी आर्काइव्ह आहेतच, सरकारही आता देशभरासाठी नियतकालिकं घेतं आहे, मग एवढ्याशा राज्याने स्वतःचा डिजिटल संग्रह पोसायचा कशाला? आणि शेवटी, ते वाचतंय कोण?

मी फोंडा तालुक्यातल्या एका ग्रंथालयात अठरा वर्षं काम करते आहे. आमच्याकडे आषाढात कपाट आठ दिवस उघडलं नाही तर पुठ्ठ्यांवर बुरशीचे ठिपके धरतात, त्यामुळे स्कॅनिंगचं मोल मला कुणी पटवायला नको. पण या मेसेजवर विसंबून कुणी खरोखर कपाटं रिकामी केली, तर ती परत भरता येणार नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, नेटवर गेलेलं कधीच नाहीसं होत नाही. ही समजूत बहुधा व्हायरल फोटोंवरून आली असावी. ज्याची लाखो लोक प्रत करून घेतात ते राहतं, हे खरंच आहे. पण कदंब राजांच्या एखाद्या ताम्रपटावरच्या बावीस पानी लेखाची प्रत कोण करून ठेवतो? २००० ते २०१९ या काळात जगभरातली १७४ मुक्त नियतकालिकं, म्हणजे ज्यांचे लेख कुणालाही फुकट वाचता येत होते अशी, नेटवरून नाहीशी झाल्याचं संशोधकांनी एकेक हुडकून दाखवलं आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डीओआय क्रमांक (नेटवरच्या लेखाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) असलेले सुमारे ७४ लाख लेख वगैरे तपासले, तेव्हा त्यांतले वीस लाखांहून जास्त, म्हणजे जवळपास २८ टक्के, कुठल्याही दीर्घकालीन संग्रहात सापडले नाहीत. डीओआय मिळाला म्हणजे लेख सुरक्षित झाला, असं आपल्याकडे चांगले शिकलेले लोकही समजतात. डीओआय हा नुसता पत्ता आहे. त्या पत्त्यावरचं घर कुणी सांभाळायचं, हे तो सांगत नाही.

लेख जातात त्याची कारणं अगदी साधी असतात. संपादक निवृत्त होतात. डोमेनचे पैसे भरायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. संस्थेची वेबसाइट नवी होते आणि जुने अंक तिच्यावर चढवायचे राहून जातात. हे तिसरं मी स्वतः पाहिलं आहे. एका संशोधनपत्रिकेचे सहा वर्षांचे अंक असे गेले. मी चौकशी करेपर्यंत जुना सर्व्हर भंगारात निघाला होता. कुणाचा वाईट हेतू नव्हता. ते काम कुणाचं, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

पीडीएफला वाळवी लागत नाही, या दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे आहे.

चार वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्याकडे जुन्या चर्चासत्रांचे निबंध दिले. खोक्यात सात सीडी होत्या, प्रत्येकीवर मार्करने साल लिहिलेलं. तीन सीडी उघडल्याच नाहीत. चकाकणाऱ्या बाजूवर कडेने धुरकट वर्तुळं पसरली होती. उरलेल्या चारांतल्या फाइल निघाल्या, पण त्या पेजमेकर या छपाईची पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या. ते सॉफ्टवेअर आता नव्याने मिळत नाही. एका निबंधाची वर्डमधली प्रत सापडली म्हणून आनंदाने उघडली, तर पडद्यावर डॉलरची चिन्हं, कंस, टिंबं आणि मध्येच सुटी रोमन अक्षरं. फाइल शाबूत होती, एक बाइटही हललेला नव्हता, आणि वाचता एक शब्द येत नव्हता. नव्वदच्या दशकात मराठी डीटीपी केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत, आपल्याकडे रुळलं नव्हतं. प्रत्येक कंपनीच्या फाँटमध्ये ‘क’ वेगळ्या ठिकाणी बसवलेला असायचा, आणि तो फाँट संगणकात नसेल तर मजकूर म्हणजे नुसता रांगोळीचा सांडलेला रंग. शेवटी म्हापशात डीटीपीचं काम बंद केलेल्या एका गृहस्थांकडे जुना संगणक निघाला, आणि त्या सॉफ्टवेअरला लागणारं डोंगलही (ते संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे) त्यांनी टेबलाच्या खणात जपून ठेवलं होतं. त्यांच्या त्या खणामुळे अकरा निबंध वाचले. बाकीचे गेले.

डिजिटल संग्रहांसाठी आयएसओ १४७२१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात संग्रहाची जबाबदारी नुसती फाइल ठेवण्याची मानलेली नाही. ज्या वाचकांसाठी संग्रह आहे त्यांना ती वस्तू, मूळ करणाऱ्याला विचारायला न जाता, समजली पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. मराठीच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे: फाँट फाइलच्या आतच बसवलेला हवा (पीडीएफ-ए हा प्रकार २००५ मध्ये मानक म्हणून आला तो याचसाठी), मजकूर युनिकोडमध्ये आणलेला हवा, आणि फाइल कशाने तयार केली, कधी बदलली, कुणी बदलली याची नोंद तिच्याबरोबर राहायला हवी. ही नोंद करायला कंटाळा येतो, हे मी जाणते. पण वीस वर्षांनी येणाऱ्या माणसाकडे ती सोडून दुसरा आधार नसतो.

शिवाय फाइलही आतून सडते, फक्त बाहेरून दिसत नाही. डिस्कवरचा एखादा कण बिघडतो आणि फाइलचं नाव, आकार, चित्र सगळं तसंच दिसत राहतं. म्हणून प्रत्येक फाइलची अंकखूण काढून ठेवायची असते. एसएचए-२५६ या पद्धतीने कितीही मोठ्या फाइलमधून ६४ अंक-अक्षरांची एक ओळ निघते. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ती सगळी ओळच वेगळी येते. ठरलेल्या मुदतीने प्रत्येक फाइलची ओळ पुन्हा काढून जुन्या ओळीशी ताडून बघायची, आणि फरक आला तर दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्ती करायची. म्हणजे मुळात दुसऱ्या ठिकाणी प्रत हवी. ज्याच्याकडे एकच हार्ड डिस्क आहे त्याला बिघाड कळेल, पण करता काहीच येणार नाही.

चूक लगेच दुरुस्त करता येते, हा मुद्दा पटकन संपवते. वर्तमानपत्राच्या वेबसाइटला ही सोय असेल, संशोधनाच्या संग्रहात तो धोका आहे. एखाद्याने २०११ च्या लेखाचा आधार घेतला असेल तर २०११ ची प्रतच पुढच्याला मिळाली पाहिजे. दुरुस्ती झाली तर ती शेजारी, तारखेसह. लेख मागे घेतला गेला तर त्यावर तसा ठळक शेरा. लेख मात्र जागेवर. पाहणाऱ्याला कळायला हवं की काय मागे घेतलं आणि का.

आता परदेशी आर्काइव्ह. त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’मध्ये लाखो भारतीय पुस्तकं स्कॅन झाली होती. पुढे ते संकेतस्थळ बंद झालं, आणि त्यातली बरीचशी पुस्तकं आज आपल्या हाती येतात ती इंटरनेट आर्काइव्हवर कुणी वेळीच प्रती करून ठेवल्या म्हणून. पण त्याच इंटरनेट आर्काइव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस पूर्ण बंद होतं. त्याच्या बरोबर वर्षभर आधी ब्रिटिश लायब्ररीवर हल्ला झाला. तिथला प्रबंधांचा साठा कित्येक महिने वाचकांना मिळत नव्हता. या संस्था जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहेत. एकाच छपराखाली सगळं ठेवू नये, एवढंच यातून घ्यायचं.

हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांनी १९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘लॉक्स’ ही जतनाची व्यवस्था सुरू केली. नावाचाच अर्थ असा की भरपूर प्रती ठेवल्या म्हणजे वस्तू सुरक्षित राहते. वेगवेगळ्या ग्रंथालयांतले संगणक आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून बघतात, आणि ज्याची प्रत इतरांशी जुळत नाही ती दुरुस्त होते. त्यातूनच निघालेल्या ‘क्लॉक्स’मध्ये जगभरातल्या बारा ठिकाणी साठा असतो आणि तो एरवी बंद असतो. प्रकाशकाकडून एखादं नियतकालिक मिळेनासं झालं, की त्याचा साठा सगळ्यांसाठी खुला करतात. ‘ग्राफ्ट’ हे अवयवरोपणावरचं नियतकालिक २००८ मध्ये असंच खुलं झालं. पण तिथे साठा जातो तो सहभागी झालेल्या प्रकाशकांचा. गोव्यातल्या मराठी संस्थेची वार्षिक संशोधनपत्रिका तिथे आपोआप कशी पोहोचेल?

प्रतींचं महत्त्व खरं तर गोवेकरांना बाहेरून शिकायची गरज नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात सुरू झाला, आणि त्याच्यावर निघालेली अगदी पहिली छापील पानं आज कुठेही उपलब्ध नाहीत. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं मराठी काव्य १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत सापडलेली नाही. तरीही आज ते आपण वाचतो, कारण लोकांनी हाताने नकलून घेतलं होतं, कुणी रोमी लिपीत, कुणी देवनागरीत, आणि त्या वह्या एकमेकींपासून दूर राहिल्या. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती अशा हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली. तीनदा छापूनही जे टिकलं नाही ते विखुरलेल्या नकलांनी टिकवलं. मला या कामात जेव्हा जेव्हा थकायला होतं, तेव्हा मी त्या नाव नसलेल्या नकलाकारांची आठवण काढते.

‘सरकार नियतकालिकं घेतं आहे’ हे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेविषयी आहे. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले, आणि सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली झाली. चांगली गोष्ट आहे. पण वर्गणी म्हणजे वाचायची परवानगी. त्यात येतात ती मुख्यतः मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची नियतकालिकं. आपल्या मुलखात निघालेलं लिखाण जपणं हे त्या योजनेचं कामच नाही. प्रबंधांसाठी शोधगंगा हा देशभरातल्या विद्यापीठांचा डिजिटल संग्रह आहे, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा आणि गोवा विद्यापीठाचा स्वतःचा संग्रह आहे. मध्ये जे पडतं, म्हणजे चर्चासत्रांचे अंक, छोट्या मंडळांच्या पत्रिका, स्मरणिकांतले अभ्यासलेख, त्याला वाली नाही. १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवाव्या लागतात. केवळ नेटवर निघणाऱ्या अंकांचा त्यात विचार नाही.

आणि कागद रद्दीत देण्याआधी कॉपीराइट कायदाही बघावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत करायची मुभा आहे, पण ती ग्रंथालयाकडे त्या कृतीची कागदी प्रत आधीपासून असेल तर. जतनासाठी प्रत करणं आणि ती नेटवर सगळ्यांना खुली करणं या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क चालतो.

खर्चाबद्दल मेसेजमध्ये असं गृहीत धरलंय की स्कॅनिंगचा खर्च एकदाच होतो. ज्यांनी खाजनाचं शेत, म्हणजे बांध घालून खाडीचं खारं पाणी अडवलेलं शेत, पाहिलं आहे त्यांना मी विचारते, बांध एकदा घालून भागतं का? खेकडे बिळं पाडतात, उधाणाला माती खचते, मानशीची, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेची, दारं कुजतात. एका बिळाकडे दुर्लक्ष झालं की खारं पाणी आत, आणि मग ते शेत कित्येक वर्षं पिकत नाही. गावकारी, म्हणजे गावाची सामायिक संस्था, ते बघायची, कारण बांध कुणाच्या जबाबदारीचा हे गावात ठरलेलं असायचं. डिजिटल संग्रहाचं तसंच आहे. पाच-सात वर्षांनी डिस्क बदलायच्या, जुने फाइल-प्रकार नव्यात आणायचे, अंकखुणा ताडायच्या, माणसं शिकवायची. आयएसओ १६३६३ या मानकाने संग्रह विश्वासार्ह आहे का हे तपासताना पैसा कुठून येतो हे विचारतात, आणि उद्या संस्थाच बंद पडली तर साठा कुणाकडे जाईल याची लेखी तजवीज मागतात. आपल्याकडच्या कुठल्याही डिजिटायझेशनच्या उद्घाटनात हा प्रश्न मी अजून ऐकलेला नाही. स्कॅनरचा फोटो मात्र असतो.

राहिलं, वाचतंय कोण. गेल्या फेब्रुवारीत एक मुलगी आमच्याकडे आली. खाजनात होणाऱ्या कोरगुट भातावर काम करत होती, खाऱ्या पाण्याला टिकणारं ते बी. एका जुन्या स्मरणिकेत एका शेतकी अधिकाऱ्याने गावोगावच्या शेतांच्या नोंदी दिल्या होत्या, त्या तिला हव्या होत्या. आम्ही तिला स्कॅन उघडून दिलं. कोष्टक पान ४५ वर सुरू होत होतं आणि पुढचं पान थेट ४८. स्कॅन करताना दोन पानं दमटपणाने चिकटून एकदम उलटली गेली होती, आणि नऊ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चूक आमचीच होती.

कपाटात अंक होता. पानं सोडवायला अर्धा तास लागला. ती सुरी धरून बसली, मी टाचणीचा गंज पुसत होते. ४६ आणि ४७ वर तिला हवी ती अकरा गावं होती. आम्ही दोन्ही पानं स्कॅन केली, नवी फाइल जुनीच्या शेजारी ठेवली, तारीख आणि कारण लिहिलं, नवी अंकखूण नोंदवली, आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवायची एक प्रत पणजीला पाठवली. अंक परत त्याच कपाटात आहे.