होडीला पाठ टेकून बसा

आज संध्याकाळी दापोलीजवळच्या हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी एक मुलगी वही मांडीवर घेऊन चित्र काढत बसली होती. अठरा-एकोणीसची असेल. समोर बांगडा मासळीनं भरलेली पाटी घेऊन बसलेल्या एक मावशी. होड्यांकडून बैलगाड्या मासळी घेऊन वर येत होत्या, भाव पुकारले जात होते, आणि ही पोर खाली मान घालून काढत होती. तेवढ्यात एक गृहस्थ मागून आले, वाकून बघितलं आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही पाटी होय? फोटो काढ की मोबाइलवर, कशाला वेळ घालवतेस!" दोघं-तिघं हसले. पोरीनं वही मिटली, पिशवीत कोंबली आणि निघून गेली. पान अर्धंच राहिलं.

तेव्हापासून डोकं तापलंय. म्हणून हे लिहितोय.

फोटो आणि चित्र यातला फरक इथं कुणाला समजावून सांगायला नको. पण चारचौघांत बसून चित्र काढायची ही भीड येते कुठून ते बघा. आपल्याकडे पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्र असतं. विषय बाजाराचा, बसस्टॉपचा, सणाचा, आणि पोरगं बसतं बंद खोलीत. वर्षभर तयार चित्रं घोटायची आणि परीक्षेत तीच उतरवायची. हर्णैच्या पोराला मासळीबाजार आठवून काढायला लावतात आणि बंदर हाकेवर असतं! मग सोळाव्या वर्षी पहिल्यांदा माणसांत बसून वही उघडली की हात कापणारच. परीक्षेमुळे निदान हातात पेन्सिल येते, हे मान्य. पुढचं कुणी शिकवत नाही.

शिकवण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. भीड चेपायला धैर्य लागतं म्हणतात, त्याआधी जागा नीट निवडावी लागते. ती पोर बसली होती गाड्यांच्या वाटेच्या कडेला, पाठ उघडी टाकून. येणारा-जाणारा प्रत्येकजण तिच्या खांद्यावरून डोकावणारच. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीला पाठ टेकून बसलं की मागून कुणी येऊच शकत नाही, जो येईल तो समोरून येईल, दिसेल, आणि समोरून येणाऱ्याला वहीचं पान दिसत नाही. निम्मी भीती तिथंच जाते.

दुसरं, तिची वही मोठी होती, शाळेच्या ड्रॉइंगबुकाएवढी. एवढं पान लांबून दिसतं आणि ते भरायचं दडपण वेगळंच. ए-फाइव्ह, म्हणजे साध्या कागदाच्या निम्मी वही पुरे, कागद दीडशे जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा. त्यापेक्षा पातळ कागद समुद्राच्या दमट हवेत मऊ पडतो आणि शाई फुटते. पानाच्या दोन्ही बाजूंना क्लिपा लावा, कारण दुपारनंतर खारा वारा सुटला की पान फडफडतं, आणि रेघ हलली की माणूस आधी स्वतःलाच दोष देतो. सुरुवातीला साधा बॉलपेन घ्यावा. खोडता येत नाही हाच त्याचा गुण, रबर हातात आलं की लाज वाढते. फक्त तळहाताखाली एक कोरा कागद ठेवा. घाम आणि मासळीचा तेलकटपणा पानाला लागला की तिथं बॉलपेन उमटत नाही.

रंग लावायचेच असतील तर पाणी घरून न्या. समुद्राच्या पाण्यात रंग कालवायची हौस अनेकांना असते. वाळल्यावर त्यातलं मीठ हवेतली ओल धरतं, पान चिकट राहतं, समोरच्या पानाला डकतं. भर उन्हात तर रंग लावूच नका. कागद इतका चमकतो की लावलेला रंग फिका वाटतो, मग आपण गडद करत जातो आणि घरी येऊन बघावं तर सगळं काळवंडलेलं.

पहिल्याच दिवशी लिलावात जाऊ नये, हेही त्या पोरीला कुणी सांगितलं नसणार. आधी चहाच्या टपरीवरची किटली काढा, दोन-चार दिवस. मग एसटी स्टँड. तिथं प्रत्येकाचं लक्ष गाडीच्या पाटीकडे असतं, तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. बाकावर टेकलेली माणसं दहा-पंधरा मिनिटं सहज मिळतात, त्यातही पाठमोरी आधी काढावीत. मग खाडीतल्या होड्या. लिलाव त्यानंतर. शिमग्याच्या पालखीची गर्दी सगळ्यात शेवटी, तिथं कोपराला धक्का बसणारच.

होडी काढताना जवळजवळ सगळेच एक चूक करतात, कडा हसऱ्या ओठांसारखी वाकवतात आणि होडीचं केळं होतं. आडवा, ताणलेला इंग्रजी आठ हलक्या हातानं काढा, एक गोल मोठा, एक लहान. वरची कड त्या आठाच्या वळणावर बसवली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आपोआप उचललेली दिसते. आणि पाण्यावरची होडी एका जागी राहत नाही, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर नांगराभोवती फिरते, म्हणून बाहेरचा आकार आधी, एका दमात. भरतीची वेळ काढायचा हिशेब कोळीवाड्यात पोरासोरांना ठाऊक असतो, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीनला भरती. ओहोटीत खाडीतल्या होड्या चिखलावर कलून पडतात, तासन् तास हलत नाहीत. शिकणाऱ्यासाठी याहून चांगलं मॉडेल नाही.

माणसांची गर्दी बघून घाबरायला होतं, तिलाही एकच सोपी युक्ती आहे. आधी क्षितिजाची रेघ मारा. सपाट पुळणीवर उभं राहून काढलं तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी त्या रेघेच्या आसपास येतात, पाय तेवढे खाली-वर. खाली बसून काढलं तर तीच रेघ सगळ्यांच्या कमरेजवळून जाते. एवढं सांभाळलं तर नाकडोळे नसले तरी गर्दी खरी वाटते. संध्याकाळी तर काम आणखी सोपं. आपली किनारपट्टी पश्चिमेकडे तोंड करून, सूर्य होड्यांच्या मागे उतरतो, तपशील गळून नुसते काळे आकार उरतात. हर्णैला समोर समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्लाही तसाच, एक लांबट काळी पट्टी. पाच मिनिटांत होतो.

त्या पोरीनं सुरुवात केली होती पाटीच्या विणीपासून. एकेक काडी. म्हणून अर्ध्या तासात अर्धी पाटी, आणि म्हणूनच त्या गृहस्थांना बोलायला जागा मिळाली. आधी मावशींचा बसलेला त्रिकोण, मग पाटीचा लंबगोल, मग वीण फक्त एका कोपऱ्यात. मासे विकणारी बाई पाटीत वाकते, उठते, हात पुढे करते आणि पुन्हा तशीच वाकते. एका पानावर तिन्ही आकृत्या सुरू ठेवाव्यात, ती ज्या ढबीत परत येईल ती पुढे न्यावी. हलली म्हणून हाय खाऊ नये.

आणि कुणी वाकून बघितलंच तर वही मिटू नये. मान वर करून काहीतरी विचारावं. "ही कसली जाळी?" किंवा "ही काठी कुठवर येते?" बघणारा लगेच सांगू लागतो, "डोलकाठी एवढी मागं नसते." त्याचं ऐकावं, त्याला होडी आपल्यापेक्षा जास्त कळते. पुढची दहा मिनिटं तोच बाकीच्यांना हटवतो.

मुलींना नुसतं बघण्यापलीकडचा त्रासही होतो, हे खरं. दोघींनी मिळून बसावं. एवढ्यावर ते सुटत नाही, तेही खरं.

लिहिता लिहिता त्या गृहस्थांवरचा राग उतरला. त्यांच्याही हातून कधीतरी कुणीतरी वही काढून घेतली असेल. राहून राहून डोळ्यांपुढे येतं ते वेगळंच. ती पोर काढत होती तेव्हा मावशींनी गिऱ्हाईक नसताना हळूच पाटी तिच्या बाजूला वळवली होती. वरचे दोन बांगडे उचलून पोटाची चंदेरी बाजू वर करून ठेवले होते. ती खाली मान घालून होती, तिला दिसलं नाही. ती गेल्यावर मावशींनी शेजारणीला विचारलं, "गेली काय गो ती? माझा काढीत होती."

कुणी त्या मुलीला ओळखत असेल तर एवढा निरोप द्या. मावशी संध्याकाळच्या लिलावाला तिथंच बसतात. त्यांच्या समोर, दहा पावलांवर, एक निळी होडी वाळूवर ओढून ठेवलेली आहे. तिच्या आडोशाला बसलं तर वाराही लागत नाही.